काळा घोड्याजवळची लोखंडी इमारत

मुंबईत काळा घोड्यापाशी, डेव्हिड ससून ग्रंथालयापासून चार पावलांवर, लोखंडी सांगाड्याची एक जुनी इमारत आहे. कागदोपत्री ती एस्प्लनेड मॅन्शन असली, तरी जाणत्यांच्या तोंडी अद्याप वॉटसनचे हॉटेलच आहे. १८६० च्या दशकात जिचे खांब व तुळया इंग्लंडात घडवून जहाजातून आणल्या, जिच्यात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईने प्रथम पाहिली, आणि त्याच वर्षी जिच्या सज्जातून मार्क ट्वेन यांनी कावळ्यांचे चाळे न्याहाळले, त्या इमारतीचे काही सज्जे २००५ साली कोसळले, तेव्हा वारसा-यादीत तिची नोंद रीतसर झालेली होती.

मग कायद्याने केले तरी काय, असे कोणी विचारील. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत झालेला १९०४ चा कायदा, आणि स्वराज्यातील १९५८ चा अधिनियमही, मुख्यतः लेणी, किल्ले आणि मकबरे डोळ्यांपुढे ठेवून रचलेला. जिथे वकिलाची कचेरी चालते, खाली उपाहारगृह आहे आणि वर बिऱ्हाडे नांदतात, अशा नांदत्या वास्तूचा विचार त्यात फारसा नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी, १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या आधारे, मुंबईसाठी १९९५ साली वारसा-नियमावली अमलात आली. हिंदुस्थानातील कोणत्याही शहराची ही पहिलीच. तिने वास्तूंच्या तीन श्रेणी पाडल्या: पहिलीत, मजबुतीसाठी अनिवार्य असेल तेवढाच हात लावावयाचा, दुसरीत, बाह्य रूप राखून आतील फेरफारास मुभा, तिसरीत याहून अधिक सवलत. पालिका आयुक्तांनी परवाना देण्यापूर्वी वारसा जतन समितीचा सल्ला घ्यावा, हा तिचा कणा.

पण मालकाने सोसावे का? त्याची मिळकत, आणि इमला चढविण्याचा हक्क मात्र गोठलेला! यावर नियमावलीने तोड काढली, ती मला तिच्यातील सर्वांत कल्पक वाटते. यादीत नाव आल्यामुळे चटई क्षेत्राचा जो हक्क वापरता येत नाही, तो मालकाने विकावा, आणि घेणाऱ्याने तो अन्यत्र बांधकामात खर्चावा. म्हणजे न बांधलेल्या मजल्यांनाही मोल आले.

हिशेब अडतो तो इथेच. आजच्या मर्यादेपेक्षा जिचे बांधकाम मुळातच अधिक आहे, अशा दाटीवाटीच्या इमारतीपाशी विकण्याजोगे शिल्लक ते काय उरणार? त्यात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १९४० च्या पातळीवर बांधून घातले. भाडेकरूस त्याने छप्पर दिले, हे खरे, आणि त्या काळी ते आवश्यकही होते. पण गंजलेली तुळई बदलण्याचा खर्च त्या पावत्यांतून निघेना. मालक म्हणे भाडे पुरत नाही, भाडेकरू म्हणे दुरुस्ती मालकाची. आणि नियमावलीपाशी हातोडा अडविण्याचा अधिकार असला, तरी गवंड्याची मजुरी चुकती करण्यास थैली नव्हती.

वॉटसनच्या हॉटेलात पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांतून पुढे वकिलांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या होत्या, कारण न्यायालये जवळच होती. मनाईहुकमाचे मसुदे वर्षानुवर्षे त्याच सज्जांमागे बसून लिहिले गेले.