दूरचा क्षण आणि हातातले कडे
हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर



साठ वर्षे पुरी केलेल्या कोणत्याही शाळेच्या संग्रहात दोन प्रकारची छायाचित्रे आढळतात. पहिल्या प्रकारात वर्ग रांगेने बसलेला असतो. मध्यभागी मुख्याध्यापक, मागे उंच मुले आणि प्रत्येकाची नजर कॅमेऱ्याकडे. दुसऱ्या प्रकारात कोणाचेच लक्ष कॅमेऱ्याकडे नसते. खो-खोच्या खांबावर झेपावलेला मुलगा, संवाद विसरून क्षणभर थबकलेली मुलगी, जुन्या विद्यार्थ्याचे नाव कानी पडताच चष्मा सावरणारे वृद्ध गुरुजी. पहिल्या प्रकारच्या छायाचित्रांनी भिंती भरलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारची मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतात. ती टिपायची तर प्रसंगात न शिरता, दुरून पाहावे लागते. हे दुरून पाहणे ज्या साधनाने साधते ते साधन म्हणजे टेलिफोटो लेन्स.

आज हा विषय अनेक घरांत दोन वाटांनी येतो. कोणाच्या कपाटात वडिलांच्या किंवा काकांच्या फिल्म कॅमेऱ्याची १३५ अथवा २०० मिलिमीटरची लेन्स चामड्याच्या डबीत पडून असते. कोणाच्या घरी छायाचित्रणाचा नाद लागलेली मुलगी नव्या, आपोआप फोकस करणाऱ्या लेन्सची मागणी करते आणि तिची किंमत ऐकून आईवडील एकमेकांकडे पाहू लागतात. दोन्ही घरांपुढचा प्रश्न एकच आहे : हाताने फोकस करायची जुनी लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर खरोखर उपयोगी पडते काय?

उत्तरासाठी प्रथम शाळेतलेच भौतिकशास्त्र आठवावे लागते. भिंगाचे नाभीय अंतर जितके अधिक, तितकी दूरच्या वस्तूची प्रतिमा मोठी. परंतु ३०० मिलिमीटर नाभीय अंतराचे साधे भिंग वापरले तर ते फिल्मपासून जवळजवळ एक फूट पुढे धरावे लागेल. इंग्लंडमध्ये थॉमस डॅल्मायर आणि जर्मनीत अडॉल्फ मीठे यांनी १८९१ च्या सुमारास स्वतंत्रपणे यावर उपाय काढला. पुढे बहिर्वक्र आणि मागे अंतर्वक्र भिंगसमूह ठेवला की लेन्सची प्रत्यक्ष लांबी तिच्या नाभीय अंतरापेक्षा कमी होते. काटेकोर अर्थाने टेलिफोटो हे नाव या रचनेचे आहे. व्यवहारात मात्र लांब नाभीय अंतराच्या कोणत्याही लेन्सला आपण टेलिफोटो म्हणतो.

१९८५ साली मिनोल्टाने ७००० हा कॅमेरा बाजारात आणला आणि स्वयंचलित फोकसचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. १९८७ मध्ये कॅननने ईएफ ही नवी बैठक स्वीकारली, तेव्हा आधीच्या एफडी बैठकीच्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांना निरुपयोगी ठरल्या. कारण साधे होते. एफडी लेन्सला बैठकीपासून फिल्मपर्यंत ४२ मिलिमीटर अंतर हवे असते आणि ईएफमध्ये ते ४४ मिलिमीटर आहे. लेन्स दोन मिलिमीटर पुढे गेली की क्षितिजावरचे काहीच स्पष्ट होत नाही. हजारो उत्तम लेन्स अशा रीतीने कपाटात गेल्या.

त्यांना परत आणले ते आरसा नसलेल्या आजच्या कॅमेऱ्यांनी. सोनी ई बैठकीत हे अंतर १८ मिलिमीटर, कॅनन आरएफमध्ये २० आणि निकॉन झेडमध्ये केवळ १६ मिलिमीटर आहे. जुनी लेन्स आणि नवा कॅमेरा यांच्यामध्ये उरलेली जागा एका पोकळ धातूच्या कड्याने, म्हणजे ॲडॅप्टरने, भरून काढता येते. त्यात काच नसते. म्हणून चित्राच्या गुणवत्तेत घट होत नाही. आरसा असलेल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांबाबत मात्र सावध राहावे. विशेषतः १९७७ पूर्वीच्या निकॉन लेन्स नंतरच्या काही कॅमेऱ्यांवर तशाच बसवल्यास बैठकीच्या कडेचा खटका मोडू शकतो. जाणकाराला दाखवल्याशिवाय त्या चढवू नयेत.

लेन्स बसते हे ठरल्यावर निवडीचा प्रश्न उरतो. बहुतेक जण येथे ‘किती लांबचे दिसते?’ असे विचारतात. त्याआधी दोन प्रश्न विचारणे शहाणपणाचे आहे. आपण कोठे उभे राहणार? आणि प्रसंग कोठे घडणार, हे आधी सांगता येते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्रैराशिकाने मिळते. पूर्ण आकाराच्या संवेदकाची रुंदी ३६ मिलिमीटर असते. तिला लेन्सच्या नाभीय अंतराने भागून विषयापर्यंतच्या अंतराने गुणले की चौकटीत किती रुंदी मावेल ते कळते. २०० मिलिमीटरची लेन्स घेऊन वीस मीटरवर उभे राहिल्यास ३.६ मीटर रुंदीचे दृश्य मावते. झेप घेणाऱ्या खेळाडूला ते पुरेसे आहे. स्नेहसंमेलनात रंगमंचापासून पंधरा मीटरवर उभे राहून कॅमेरा उभा धरला, तर याच लेन्समध्ये २.७ मीटर उंची मावते. मूल पायापासून डोक्यापर्यंत येते आणि वर थोडी जागा उरते. १३५ मिलिमीटरच्या लेन्सने तेथूनच चार मीटर उंची दिसेल. म्हणजे समूहनृत्याला ती अधिक सोयीची. लहान, एपीएस-सी संवेदकाचा कॅमेरा असेल तर २०० ची लेन्स सुमारे ३०० मिलिमीटरइतके जवळचे दृश्य देते, हेही हिशेबात धरावे. पाचशे मिलिमीटरच्या, आरसे वापरून आखूड केलेल्या लेन्सचा मोह अनेकांना पडतो. त्या हलक्या असतात. परंतु बहुतेकांचे छिद्र एफ ८ वर कायमचे स्थिर असते, मंद प्रकाशात त्या अडतात आणि पार्श्वभूमीवरील प्रकाशबिंदूंची त्यांच्यात वर्तुळाकार कडी उमटतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक निर्णायक आहे. आकाशात वेडीवाकडी वळणे घेणारी घार, मैदानभर सैरावैरा धावणारे चार वर्षांचे मूल, यांच्यामागे हाताने कडे फिरवीत राहणे बहुधा निराशेचे ठरते. अशा छायाचित्रांचीच ओढ असेल तर जुनी लेन्स घेऊन पैसे वाचत नाहीत. ते वाया जातात. परंतु रंगमंच, व्यासपीठ, शर्यतीची अंतिम रेषा, लांब उडीचा खड्डा, घरट्यावर परतणारा पक्षी, खो-खोचा खांब, यांची जागा आधीच ठाऊक असते. तेथे नव्या लेन्सच्या अंशमात्र किमतीत मिळणारी जुनी लेन्स उत्तम काम देते.

खरेदीच्या वेळी खरा शत्रू बुरशी. आपल्या पावसाळ्यात चामड्याच्या डबीत ठेवलेल्या लेन्सला ती हमखास गाठते. छिद्र पूर्ण उघडे ठेवून मोबाइलच्या विजेरीचा झोत लेन्समधून तिरपा टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. धुरकट पडदा किंवा भिंगांच्या जोडातील इंद्रधनुषी डाग हेही वाईट लक्षण आहे. आतले धुळीचे चार कण मात्र निरुपद्रवी असतात, आणि पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा मागच्या काचेवरील ओरखड्याइतका नडत नाही. छिद्राच्या पात्यांवर तेल नसावे. फोकसचे कडे एकसारखे फिरावे. जुने वंगण घट्ट झालेले कडे ऐन वेळी धोका देते. शेवटी दूरच्या मनोऱ्यावर किंवा चंद्रावर फोकस करून पाहावा. स्वच्छतेचा खर्च पुष्कळदा लेन्सच्या किमतीहून अधिक होतो आणि बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही. चांगली लेन्स हाती आली की चामड्याची डबी बाजूला ठेवावी आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलसह तिची सोय करावी.

आता वापर. लेन्सच्या आकड्यांची माहिती कॅमेऱ्याला आपोआप मिळत नाही. म्हणून मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर उघडण्याची मुभा द्यावी लागते आणि कॅमेऱ्यात थरथर रोखणारी यंत्रणा असेल तर नाभीय अंतर हाताने भरावे लागते. तेथे ५० चा आकडा राहून गेला आणि लेन्स २०० ची असली, तर ती यंत्रणा आपले काम नीट करू शकत नाही. यंत्रणा नसेल तर जुना नियम पाळावा : २०० मिलिमीटरला शटरचा वेग सेकंदाच्या १/२०० पेक्षा मंद नसावा, धावत्या खेळाडूसाठी १/१००० च्या आसपास असावा. डावा तळवा लेन्सखाली, कोपरे छातीशी, श्वास शांत. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या मैदानावरून दूरचे टिपू नये. थरथरणारी हवा कोणत्याही लेन्सला जुमानत नाही. सकाळची वेळ साधावी.

फोकस करताना दृश्य मोठे करून पाहावे. कडे एका दिशेने फिरवून स्पष्टतेचा बिंदू ओलांडावा, मग मागे यावे, आणि दोन्ही बाजूंची अस्पष्टता पाहून मधल्या जागी स्थिरावावे. कडांना रंग देणारी जी सोय अनेक कॅमेऱ्यांत असते, तिच्यावर पूर्ण विसंबू नये. वृद्ध व्यक्तीचे चित्र घेताना ती चष्म्याच्या चौकटीला रंगवते आणि डोळे मागे अस्पष्ट राहतात. २०० मिलिमीटर, एफ ४, पाच मीटर अंतर, एवढ्यात स्पष्टतेची खोली सुमारे १५ सेंटिमीटर असते. पापणीचे केस पाहूनच शटर दाबावे.

तीच लेन्स त्याच छिद्रावर वीस मीटरवर नेली की ही खोली सुमारे २.४ मीटर होते. खो-खोचे छायाचित्र यावरच उभे आहे. खांब हलत नाही. सामना सुरू होण्यापूर्वी खांबावर फोकस करावा आणि कड्यावरून हात काढावा. मग चौकटीकडे पाहत न राहता दुसरा डोळा उघडा ठेवून खेळ पाहावा. धावणारा खांबाकडे वळला, आक्रमकाने अखेरची दोन पावले टाकली, की शरीर हवेत झेपावण्याच्या किंचित आधी बोट दाबले गेले पाहिजे. झेप दिसल्यावर दाबणाऱ्याच्या हाती धूळ लागते. ज्याने लहानपणी स्वतः खो दिला आहे, त्याला हा क्षण कोणत्याही यंत्राआधी कळतो.

या लेन्सची मागणी येथे लक्षात येते. फोकस करणे हे काम यंत्राने घेतल्यावर माणसाकडे फक्त दाबणे उरते आणि पुष्कळदा पाहणेही सुटते. हाताच्या कड्याने माणसाला आधी ठरवावे लागते की काय घडणार, कोठे घडणार आणि त्यातले आपल्याला काय हवे. त्या बदल्यात ती चुकांची किंमतही रोख मागते. स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री लेन्स विकत घेऊन दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रांगेत उभ्या राहिलेल्या पालकाच्या हाती साठ अस्पष्ट चित्रे येतात आणि मुलीचे ते नृत्य पुन्हा होत नाही. म्हणून महिनाभर आधी गच्चीवर, अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर सराव करावा. कडे कोणत्या दिशेला फिरवले की फोकस जवळ येतो, हे बोटांना न विचारता कळले पाहिजे. निकॉनची कडी आणि इतर अनेक कंपन्यांची कडी परस्परविरुद्ध दिशांना फिरतात. म्हणून आरंभी एकाच लेन्सवर हात बसवणे बरे.

शाळेचे समारंभ पुढेही होतील. काही व्यक्ती मात्र प्रत्येक समारंभाला असणार नाहीत. पहिल्या रांगेत बसलेल्या वृद्ध शिक्षकांजवळ मोबाइल नेला की ते ताठ बसतात, हसण्याचा प्रयत्न करतात आणि पहिल्या प्रकारच्या छायाचित्रांत आणखी एकाची भर पडते. सभागृहाच्या कडेला खांबाआड उभे राहून, त्यांच्या डोळ्यांवर फोकस लावून, कोणी माजी विद्यार्थी व्यासपीठावर येण्याची वाट पाहावी. नाव पुकारले जाईल, चेहरा ओळखू येईल आणि हात चष्म्याकडे जाईल. त्या वेळी फोकस आधीच लागलेला असावा. घरी कपाटात लेन्स असेल तर ती आज रात्रीच उघडून विजेरीच्या झोतात पाहावी.