मेपलच्या पाकाच्या वड्या

कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत हिंवाळा सरतां सरतां कांहीं आठवडे असे येतात, कीं रात्रीं पाणी गोठतें आणि दिवसां बर्फ वितळतें. याच दिवसांत तेथील मेपल वृक्षांच्या खोडांना लहानसें भोंक पाडून रस काढतात. हा रस पाण्यासारखा निवळ असतो. त्यांत साखर शेंकडा दोनच्या आसपास. मेपलची म्हणून जी चव प्रसिद्ध आहे, ती या रसांत शोधूनही सांपडत नाहीं. ती झाडांत नसून कढईंत जन्मते. सुमारें ४० लिटर रस आटवावा, तेव्हां लिटरभर पाक हातीं येतो. आणि या आटण्यांतच त्याला तांबूस रंग व खरपूस सुवास प्राप्त होतो. झाडाच्या कळ्या फुगूं लागल्या, कीं रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो.

ही विद्या युरोपीय वसाहतवाल्यांची नव्हे. अनिशिनाबे, अबेनाकी आदि मूळ रहिवासी ते येण्यापूर्वींपासून ही साखर करीत आले आहेत. पुढें फिलाडेल्फियाचे वैद्य बेंजामिन रश यांनीं १७९१ सालीं थॉमस जेफर्सन यांस पत्ररूपानें या वृक्षाची हकीगत लिहिली. मेपलची साखर घरोघर गेली, तर वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या घामावर पिकणारी उसाची साखर अनावश्यक होईल, अशी त्यांची आशा होती. जेफर्सन यांनीं व्हर्जिनियांतील आपल्या माँटिसेलो येथें त्याच वर्षीं मेपलचीं रोपें लाविलीं. तीं तेथें धरलीं नाहींत. लावणारे स्वतः शेंकडों गुलामांचे धनी होते, हेंही विसरतां येत नाहीं.

असो. आतां घरच्या ओव्हनकडे वळावें. मैद्याचा चौकोनी थर भाजून वर मेपलच्या पाकाचा मुलामा द्यावयाचा आणि निवल्यावर वड्या पाडावयाच्या, असा हा पदार्थ. नवशिकी गृहिणी महागडा पाक सढळ हातानें पिठांतच ओतते. तेथें तपकिरी साखर व लोणी यांच्या गर्दींत तो पार बुडून जातो, आणि वडी मात्र ओलसर होते. तो मुलाम्यासाठींच राखावा.

११५ ग्रॅम लोणी वितळवून त्यांत २०० ग्रॅम तपकिरी साखर फेंटावी; एक अंडें व चिमूटभर मीठ घालावें. अंडें वर्ज्य असेल, तर ६० ग्रॅम दही चालतें. नंतर १२५ ग्रॅम मैदा व मूठभर अक्रोडाचे तुकडे हलक्या हातानें मिसळावे. २० सेंटिमीटरच्या चौकोनी पात्रांत कागद लावून हें मिश्रण पसरावें व १७५ अंश उष्णतेवर २२ ते २५ मिनिटें भाजावें. कडा घट्ट आणि मध्य किंचित् मऊ असतांनाच बाहेर काढावें. नाहींतर वडीचें बिस्किट होतें.

मुलाम्यासाठीं ९० मिलिलिटर पाक, म्हणजे साडेतीन लिटरांहून अधिक रस, मंद आंचेवर दोन-तृतीयांश उरेपर्यंत आटवावा. भांडें मोठें घ्यावें, कारण हा पाक एकाएकीं फेंसाळून वर येतो. तसें झाल्यास लोण्याचा लहानसा खडा टाकावा. फेंस तत्काळ बसतो. रस आटविणारे लोकही हीच युक्ति करतात. खालीं उतरवून त्यांत चमचाभर लोणी, चिमूटभर मीठ व १०० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर घोटावी.

बाजारांत स्वस्त मिळणारें ‘पॅनकेक सिरप’ हें बहुधा मक्याच्या साखरेचा पाक व बाहेरून घातलेला वास यांचें मिश्रण असतें. तें आटविलें, तर गोडी वाढते, चव वाढत नाहीं. खरा पाक घेतांनाही गडद रंगाचा घ्यावा. फिकट सोनेरी पाक नाजूक म्हणून नांवाजला जातो खरा, पण पिठीसाखरेपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं.

घात होतो तो शेवटच्या घाईनें. थर गरम असतांना मुलामा ओतला, तर तो आंत झिरपतो आणि वर नुसता चिकट डाग उरतो. थर पुरता निवूं द्यावा. मुलामा मात्र कोमट हवा, कारण थंड झाल्यावर तो पसरत नाहीं. मग अर्धा तास मुलांपासून दूर ठेवून, पातळ सुरीचें पातें दरवेळीं पुसून, १६ वड्या पाडाव्या.