जिराफ, राजदूत आणि बंगालचा किनारा

(कोलकाता येथे स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



सन १४१४ मध्ये बंगालचा सुलतान सैफुद्दीन हमजा शाह याच्याकडून चीनच्या मिंग दरबारी एक जिराफ पोहोचला. मूळचा आफ्रिकेचा हा प्राणी चिनी दरबाराने 'चीलिन' हा शुभसूचक पौराणिक प्राणी मानला. सम्राट योंगल याने १४०२ मध्ये पुतण्याकडून गादी बळकावली होती. साहजिकच असा शुभशकुन त्याच्या राजवटीला हवाच होता. भेटवस्तू हेही राजनयाचे साधन असते, ते असे.

१४०५ ते १४३३ या काळात सेनापती झेंग ह याच्या नेतृत्वाखाली चिनी आरमाराने सात सफरी केल्या. कालिकत हे त्यांतील प्रमुख बंदर होते. दुभाषा मा हुआन याने बंगालचेही वर्णन लिहून ठेवले आहे. तेथील तलम कापड, झाडाच्या सालीपासून केलेला गुळगुळीत कागद, चांदीचा टंका आणि किरकोळ व्यवहारातील कवड्या यांची त्याने नोंद केली. १४२० मध्ये जौनपूर व बंगाल यांच्यातील संघर्ष शमविण्यासाठी होउ शिएन हा चिनी दूत आला होता.

मात्र उत्तर लिहिताना या सफरींना केवळ 'मैत्रीयात्रा' म्हणू नका. गाले येथील १४०९ चा शिलालेख चिनी, तमिळ व फारसी या तीन भाषांत आहे. तो परस्पर आदराची साक्ष देतो. पण त्याच श्रीलंकेतील राज्यकर्त्याला १४११ मध्ये कैद करून चीनला नेण्यात आले. शिवाय बंगालने पाठविलेली भेट मिंग दप्तरात 'खंडणी' म्हणून नोंदली गेली. एकाची भेट ती दुसऱ्याची खंडणी ठरते, म्हणून साधन कोणाचे आहे हे आधी तपासावे.

सत्तेच्या आरमारापेक्षा सामान्यांचे येणे अधिक टिकले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग आछ्यू याने कोलकात्याजवळ हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढला. त्याच्याच नावाने ते गाव अछिपूर झाले. पुढे टिरेटा बाजार व टांगरा येथे चिनी वस्ती रुजली.

उलट दिशेचा प्रवासही आपल्या परिचयाचा आहे. १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकासह मुंबईहून जहाजाने चीनला गेले. पथकातील डॉ. बिजयकुमार बसू कोलकात्याचे. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. त्यांच्यापाशी आरमार नव्हते. तरीही त्यांचे नाव दोन्ही देशांत आजही आदराने घेतले जाते.