मोकळी जागा आणि मोकळे कुत्रे : सामाईक वापराचे अर्थकारण

नागरी अर्थशास्त्राचा अभ्यास करताना पाणी, रस्ते, वाहतूक आणि घरबांधणी हे विषय हमखास समोर येतात. पाळीव कुत्र्याला सार्वजनिक उद्यानात साखळीविना फिरू द्यावे की नाही, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही. तो किरकोळ वाटतो. परंतु बाह्यता, व्यवहार खर्च, माहितीची असमानता आणि सामाईक संसाधनांचे व्यवस्थापन या चारही संकल्पना एकाच ठिकाणी तपासून पाहायच्या असतील, तर सकाळी साडेसहाच्या सुमाराचे कोणत्याही शहरातील उद्यान ही उत्तम प्रयोगशाळा आहे. तेथे ज्येष्ठ नागरिक चालत असतात, मुले चेंडू खेळत असतात, एखादा रहिवासी आपल्या कुत्र्याची साखळी सोडतो आणि कुंपणापलीकडे वस्तीतली चार मोकाट कुत्री कान टवकारून उभी असतात.

या विषयात कायदा काय म्हणतो, हे आधी पाहणे सोयीचे ठरेल, कारण कायद्यात दोन्ही बाजूंची दखल घेतलेली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या कलम ११ मधील एक तरतूद मात्र क्वचितच वाचली जाते. जो कुत्रा एरवी बांधून किंवा कोंडून ठेवला जातो, त्याला वाजवी व्यायाम देण्यात मालकाने हयगय केली, तर ती क्रूरता ठरते. म्हणजे कुत्र्याचा व्यायाम हा मालकाचा केवळ छंद नसून ते त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. दुसरीकडे, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जीविताला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना पुरेशी दक्षता न घेणे हा गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये दंडाची ही कमाल मर्यादा पाच हजार रुपये झाली आहे. एक कलम कुत्र्याला धावू द्या असे सांगते, तर दुसरे कलम त्याला आवरा असे सांगते. या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते ती सार्वजनिक आहे आणि ती फार थोडी आहे. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांत दरडोई दहा ते बारा चौरस मीटर मोकळ्या जागेची अपेक्षा आहे. मुंबईत ती जेमतेम एक ते दीड चौरस मीटर भरते.

अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेल्या विचारानुसार, एखाद्याच्या कृतीचा खर्च तिसऱ्यावर पडत असेल तर शासनाने कर लावून तो खर्च करणाऱ्याच्याच अंगावर टाकावा. कुत्रा पाळण्याच्या परवान्याचे शुल्क हा त्याच प्रकारचा उपाय मानता येईल. मात्र त्यात एक मूलभूत उणीव आहे. जो मालक कुत्र्याला शिस्त लावतो, लस टोचून घेतो आणि विष्ठा स्वतः उचलतो, तोही तेवढेच शुल्क भरतो. आणि जो यांपैकी काहीच करत नाही, तो बहुधा नोंदणीच करत नाही. वर्तनानुसार न बदलणारे शुल्क वर्तन सुधारू शकत नाही.

रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये या विचाराला वेगळी दिशा दिली. हानी नेहमी परस्पर असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. कुत्रा मोकळा सोडला तर मुलाच्या आईला धास्ती वाटते. बंदी घातली तर कुत्र्याचे आणि त्याच्या मालकाचे नुकसान होते. हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि वाटाघाटींना काहीच खर्च येत नसेल, तर दोघे मिळून तोडगा काढतील. उद्यानात ही दुसरी अट कोसळते. वापरकर्ते शेकडो असतात, रोज बदलतात, एकमेकांना ओळखत नाहीत. पहाटेच्या फेरीत प्रत्येकाशी करार करणे शक्य नाही. म्हणून आधी ठरवलेला, सर्वांना ठाऊक असलेला नियम लागतो.

नियम कोणावर भार टाकणारा असावा? गिडो कॅलाब्रेसी यांनी १९७० मधील अपघातांच्या खर्चावरील ग्रंथात याचे उत्तर दिले आहे : जो सर्वांत कमी खर्चात अपघात टाळू शकतो, त्याच्यावर. येथे तो मालक आहे, कारण साखळी त्याच्या हातात असते. त्याशिवाय माहितीही त्याच्याकडेच असते. ‘घाबरू नका, काही करत नाही तो,’ हे वाक्य भारतातील प्रत्येक उद्यानात ऐकू येते. ते बहुतेक वेळा खरेही असते. परंतु समोरून येणाऱ्या सत्तर वर्षांच्या गृहस्थाला ते पडताळून पाहण्याचा मार्ग नसतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबाबत जी माहितीची असमानता दाखवली, तीच येथे चार पायांवर धावत येते. भीती ही स्वतःच एक किंमत आहे. चावा झाला नाही म्हणून ती शून्य ठरत नाही. ज्या वृद्धाने त्या उद्यानात जाणेच सोडले, त्याची नोंद कोणत्याही रुग्णालयात होत नाही.

ज्या घटनांची नोंद होते, त्यांचे आकडेही लहान नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीवरून प्राण्यांच्या चाव्याच्या वर्षाकाठी सुमारे ९१ लाख घटना आणि रेबीजचे सुमारे ५,७०० मृत्यू असा अंदाज २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. चाव्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कुत्र्यांचे होते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो; म्हणून चावा किरकोळ असला तरी जखम धुऊन लशीची पूर्ण मालिका घ्यावी लागते. शासकीय रुग्णालयात ती विनामूल्य मिळते, म्हणजेच तिचा खर्च करदात्यावर पडतो.

पाश्चात्त्य देशांतील नियम भारतात जसेच्या तसे का चालत नाहीत, याचे कारण कुंपणापलीकडच्या त्या चार कुत्र्यांत आहे. न्यूयॉर्कमध्ये साखळी सोडण्याचा प्रश्न दोन पक्षांचा असतो : मालक आणि इतर नागरिक. भारतात तिसरा पक्ष असतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात मोकाट कुत्री सुमारे १ कोटी ५३ लाख होती. ही कुत्री आपापल्या हद्दीत राहतात आणि हद्दीत शिरणाऱ्या परक्या कुत्र्याला हुसकावतात. साखळीतला कुत्रा मालकाच्या पायाशी असतो; मोकळा कुत्रा थेट त्या हद्दीत जातो. तेथे झुंज जुंपते, ती सोडवायला माणूस धावतो आणि त्यालाच चावा बसतो. नसबंदी न झालेला पाळीव नर मोकळा फिरला, तर संततिनियमनावर झालेला सार्वजनिक खर्चही काही अंशी वाया जातो.

या तिसऱ्या पक्षाबाबत भारतातील धोरणाचा इतिहास मोठा आहे. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात मोकाट कुत्री मारण्याची मोहीम सुरू असताना प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले होते. बक्षीस मिळते म्हटल्यावर घरांतली कुत्रीही उचलली जाऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या, पारशी समाज संतप्त झाला आणि शहरात दंगल उसळली. प्रोत्साहनाची रचना चुकली की काय घडते, याचे हे जुने उदाहरण परीक्षार्थींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २००१ च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा मूळ जागी सोडण्याचे धोरण स्वीकारले; २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी त्यांची जागा घेतली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्रिसदस्यीय खंडपीठाने तो बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना उपचारानंतर मूळ जागी सोडण्यास आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून देण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने मात्र शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री तेथे परत न सोडण्याचे निर्देश दिले. या तीन आदेशांत एक सूत्र दिसते : प्रश्न कुत्रा असावा की नसावा यावरून कोणत्या जागी असावा याकडे सरकला आहे.

पाळीव कुत्र्यांबाबत जातीवर बोट ठेवण्याचा प्रयत्नही झाला. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री रोखण्याविषयी राज्यांना लिहिले. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. जात ही दुरून दिसणारी खूण असल्यामुळे प्रशासनाला सोयीची वाटते. परंतु मैदानात धोका ठरतो तो कुत्र्याच्या प्रशिक्षणावरून आणि मालकाच्या सावधपणावरून. हाक मारताच परत येतो की नाही, ही साधी कसोटी जातीपेक्षा अधिक काही सांगते.

मग जागा वाटायची कशी? एक मार्ग स्वतंत्र कुंपणाचा. अमेरिकेतील बर्कली शहरात १९७९ मध्ये कुत्र्यांसाठी वेगळे उद्यान सुरू झाले आणि हा प्रकार पुढे जगभर गेला. हैदराबाद महापालिकेने कोंडापूर येथे जुन्या कचराभूमीवर सुमारे १.३ एकरांचे असे उद्यान २०१८ मध्ये खुले केले. जेम्स बुकॅनन यांनी १९६५ मध्ये वर्णिलेल्या ‘क्लब वस्तू’चे ते नमुनेदार उदाहरण आहे : प्रवेश नियंत्रित करता येतो, लसीचा दाखला तपासता येतो, मोकाट कुत्री बाहेर राहतात आणि आतल्या कुत्र्याला खरोखर धावता येते. अडचण संधिखर्चाची आहे. जेथे मुलांना खेळायला मैदान नाही, तेथे दिवसाचे बरेच तास रिकामा राहणारा एक एकर केवळ कुत्रेमालकांना देणे न्याय्य ठरवणे कठीण. कचराभूमीसारखी पडीक जागा असेल तरच हा हिशेब जमतो.

दुसरा मार्ग घड्याळाचा आहे आणि दाट शहरांसाठी तो अधिक उपयुक्त वाटतो. न्यूयॉर्कच्या काही ठरावीक उद्यानांत, उद्यान उघडल्यापासून सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊपासून उद्यान बंद होईपर्यंत कुत्र्यांना साखळीविना फिरू देण्याची प्रथा अनेक वर्षे लेखी नियमाविना चालत होती. २००६ मध्ये एका नागरिक संघटनेने तिला न्यायालयात आव्हान दिले, ते फेटाळले गेले आणि त्या वादातूनच २००७ मध्ये प्रथेचा रीतसर नियम झाला. कुत्र्याचा परवाना आणि रेबीजच्या लशीचा पुरावा मालकाजवळ असलाच पाहिजे. मुलांची खेळाची जागा तेव्हाही वर्ज्य. एकच जमीन दोन गटांना दोन वेळी मिळाली आणि नवी जमीन लागली नाही. भयभीत नागरिकाला ‘कुत्रा केव्हा नसेल’ ही निश्चित माहितीही मिळाली, जी मालकाच्या तोंडी आश्वासनापेक्षा मोलाची आहे.

भारतात मात्र सकाळी नऊपर्यंतची वेळ चालणार नाही. उन्हामुळे वृद्धांची फेरी, योगवर्ग आणि मुलांचा खेळ हे सारे त्याच वेळेत होते. येथे दुपारची उन्हाची वेळ कुत्र्यांना देणे म्हणजे त्यांना तापल्या जमिनीवर सोडणे. उरते ती पहाटेची पहिली घटका किंवा रात्रीची शेवटची, आणि त्या वेळी फाटक बंद ठेवून वस्तीतली कुत्री बाहेर ठेवावी लागतील. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत उद्यानांसाठी अशा वेळा ठरवून देण्याची कल्पना आहे. पाळीव कुत्र्यांना सरसकट बंदी करणे मात्र तेथे मान्य नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, सामाईक संसाधन तेथेच टिकते जेथे नियम स्थानिक परिस्थितीला जुळतात, ते वापरणाऱ्यांनी मिळून ठरवलेले असतात आणि उल्लंघनाची शिक्षा पायरीपायरीने वाढते. पहिल्यांदा समज, मग दंड, मग त्या वेळेचा हक्क काही काळ रद्द. थेट गुन्हा नोंदवण्याची धमकी कोणी अमलात आणत नाही, म्हणून ती कोणालाही थांबवत नाही.

काही जागांना मात्र घड्याळही लागू होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास किंवा गोव्यातील मोरजी येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वाळू उकरणारा कुत्रा तासाभरात एक घरटे संपवतो. तेथे हंगामभर साखळी हाच एकमेव नियम असू शकतो. गोव्याचेच दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे आहे : २०१४ नंतर तेथे पाळीव आणि मोकाट अशा दोन्ही कुत्र्यांचे व्यापक लसीकरण झाले आणि कुत्र्यांमधील रेबीजच्या मासिक नोंदी सुमारे ९२ टक्क्यांनी घटल्या. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूची साखळी तुटते, असे मानले जाते. साखळीविना फिरण्याच्या वेळेचा हक्क लशीच्या दाखल्याशी जोडला, तर मालकाला नोंदणी करण्याचे पहिल्यांदाच काही कारण मिळेल.

हे सर्व करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न मुलाखतीत विचारला जाऊ शकतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बगीचे व क्रीडांगणे बाराव्या क्रमांकावर आहेत, तर कोंडवाडे व प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध पंधराव्या क्रमांकावर. दोन्ही विषय नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोगे आहेत. प्रत्यक्षात उद्यानाच्या फाटकावरची पाटी उद्यान विभाग रंगवतो, कुत्र्याचा परवाना आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभाग देतो, आणि पाटीवर ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ एवढेच लिहिलेले असते.