पाणी पिवळं झालंच नाही!

मी धायरीत डी.एल.एड.च्या मुलामुलींना शिकवते. हेच उद्या प्राथमिक शाळेत परिसर अभ्यास शिकवणार.

जानेवारी 2025 मध्ये आपल्या सिंहगड रोडला जीबीएसचे पेशंट वाढले, आठवतंय? तेव्हा वर्गात सांगितलं, सकाळी घरचं पाणी बाटलीत भरून आणा.

चार बाटल्या आल्या, चारही काचेसारख्या. प्रत्येकीत ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले. तीन पिवळ्या झाल्या, चौथी तशीच.

“मॅडम, ही माझी. टँकरचं पाणी आहे. पण स्वच्छ दिसतंय की!”

दिसतंय ना, तिथेच फसतो आपण. क्लोरीन जंतू मारताना खर्च होतो. तरी नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरायलाच हवा. पुढे टाकीत घाण मिसळली तर तोच राखणदार. रंग नाही म्हणजे पाण्यात जंतू आहेतच असं नाही. पण राखणदार नाही, हे नक्की.

तिनं आधी सोसायटीत टाकीबद्दल विचारलं. मग पाठाच्या वहीतलं “स्वच्छ पाणी पारदर्शक असते” हे वाक्य खोडून लिहिलं, “पारदर्शक पाणी स्वच्छ असेलच असे नाही.”

हं, ते औषध विषारी असतं, मुलांच्या हाती द्यायचं नाही. प्रश्न मात्र जरूर द्या. भेटू पुढच्या भागात!