काय वाढवायचं, काय नाकारायचं

सोमवारची हक्काची सुटी सोडून तालुक्यातालुक्यांतून आलेल्या माझ्या व्यवसायबंधूंनो आणि भगिनींनो,

जेवणाआधीचं भाषण लग्नघाईतल्या दाढीसारखं असावं, पटकन उरकणारं आणि कुठे न कापणारं. तसा प्रयत्न करतो.

केस कापण्यापलीकडे आपला व्यवसाय कसा न्यायचा, हा या अधिवेशनाचा विषय. सकाळपासून वक्ते सांगताहेत की नवं शिका, काळाबरोबर चला. बरोबरच आहे. पण गावगाड्यातला न्हावी नुसते केस कधीच कापत नव्हता. बाळाचं जावळ त्याच्याकडे, नवरदेवाची सरबराई त्याच्याकडे, सोयऱ्यांना निरोप पोचवणं त्याच्याकडे, रात्रीच्या वरातीत दिवटी त्याच्या हातात. अंग रगडणं, गळू फोडणं, नखं काढणं, सगळं धोकटीतल्या चार हत्यारांवर. बऱ्याच गावांत त्याच्या घरची बाई सुईण होती. तिकडे लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि शल्यवैद्य यांची मिळून एकच संस्था झाली. दोनशे वर्षं ती चालली. १७४५ मध्ये शल्यवैद्य वेगळे झाले, पुढे त्यांचं रॉयल कॉलेज झालं, आणि आपल्या भाईबंदांकडे कात्री उरली.

आपल्याकडे पुढे सलून आलं, आरसे आले, फिरती खुर्ची आली, रोख पैसा आला. बलुत्याच्या धान्यासाठी खळ्यावर उभं राहण्यापेक्षा ते हजारपटीनं बरं. पण त्या बदलात कटिंग आणि दाढी एवढीच दोन कामं हातात राहिली. आणि दाढी आता घरोघरी ट्रिमरवर होते.

म्हणून जुनं सगळं परत आणा, असं मी म्हणणार नाही. त्यातलं निम्मं काम वेठीचं होतं. ते करायचं की नाही, हे आपल्याला कोणी विचारत नव्हतं. विधवांचं केशवपन हेही आपल्याच माथी मारलेलं काम. १८९० मध्ये कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि हे काम आम्ही करणार नाही, असं ठरलं. पैसे मिळत होते, तरी नाकारलं. आपल्या धंद्याच्या इतिहासात मला सर्वांत मोठं पाऊल तेच वाटतं, आणि ते काम सोडण्याचं पाऊल आहे. त्यामुळे धंदा वाढवण्याचं बोलताना काय नाकारायचं, हेही मी आज बोलणार आहे.

आधी वाढवायचं काय? कोरोनाची टाळेबंदी आठवा. २८ जून २०२० ला राज्यात सलून उघडली, पण केस कापायला परवानगी, दाढीला नाही. त्याआधीच्या तीन महिन्यांत दुकानाच्या शटरखाली आपली कमाई किती अडकलेली असते, ते सगळ्यांना कळलं. पण आपली खरी पुंजी शटरच्या आत नसते. ती हातात आणि डोळ्यांत असते.

आधी हातांचं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची दाढी घ्या. हे काम आज घरातला मुलगा भीत भीत करतो, नाहीतर महिना महिना होत नाही. पाठीला दोन उशा देऊन बसवायचं, मान आपल्या तळहातावर घ्यायची. गालाची कातडी सैल पडलेली असते, ती दोन बोटांनी वर ताणून धरल्याशिवाय पातं टेकवायचं नाही. त्याआधी घरच्यांना विचारायचं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असेल तर पातं धोकटीतच राहू द्यायचं, ट्रिमरनं भागवायचं. मधुमेह असेल तर पायाच्या नखांना हात लावायचा नाही, डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगायचं. आणि निघताना उशीचा अभ्रा झटकायचा, कारण मानेखाली राहिलेला बारीक केस त्या माणसाला रात्रभर टोचतो आणि त्याला कूस बदलता येत नाही. एवढं जाणणाऱ्या कारागिरानं दुकानाच्या तिप्पट दर सांगताना मान खाली घालू नये. घरची माणसं आनंदानं देतात. आपणच 'द्या काय द्यायचं ते' म्हणून मोकळे होतो, ही आपली जुनी खोड आहे.

दुसरं काम कर्करोगाच्या रुग्णांचं. केमोच्या बऱ्याच औषधांनी पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत केस पुंजक्यानं गळू लागतात. तेव्हा डोकं मशीननं बारीक करून घेणं बाईला त्यातल्या त्यात सोपं जातं. वस्तरा नको, कारण त्या दिवसांत शरीराची प्रतिकारशक्ती उतरलेली असते, साधी चीरही महागात पडते. मग विग. बाजारातून आलेल्या विगमध्ये केस गरजेपेक्षा दाट असतात. तो डोक्यावर बसवून, कपाळापाशी विरळ करून चेहऱ्याप्रमाणे कापावा लागतो. इथे चुकायला वाव नाही, विगचा केस पुन्हा वाढत नाही. पुरुषांच्या हेअर पॅचचंही तसंच, तो दर काही आठवड्यांनी काढून, धुऊन पुन्हा बसवावा लागतो. म्हणजे एक गिऱ्हाईक बांधलं की ते टिकतं.

आता डोळ्यांचं. माणसाला स्वतःची मान मागून दिसत नाही, आपल्याला दिसते. मानेवर काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा दिसला तर तो मळ नव्हे, घासू नका. पुष्कळदा ती मधुमेहाच्या वाटेवरची खूण असते. तपासून घ्या, एवढंच हळू आवाजात सांगा. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या कृष्णवर्णीयांच्या ५२ केशकर्तनालयांत उच्च रक्तदाबाच्या ३१९ गिऱ्हाइकांवर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे न्हाव्यानं फक्त सल्ला दिला, तिथे वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला. जिथे न्हाव्याच्या शब्दावर दुकानातच औषधतज्ज्ञाची गाठ घालून दिली, तिथे २७ अंकांनी. औषध देणारा दुसरा, पण भरवसा न्हाव्यावरचा.

आणि इथेच नाकारायच्या गोष्टी येतात. मसाज झाल्यावर मान कडकन मोडायची, हे आपल्या दुकानांत सर्रास चालतं. गिऱ्हाईकच मागतं, मला माहीत आहे. त्या झटक्यानं मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते, माणूस लुळा पडू शकतो. हे बंद करा. गोरं करणाऱ्या बिनलेबलच्या क्रीमच्या डब्या फेकून द्या, त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. घरी उकळलेलं तेल बाटलीत भरून विकायचं असेल तर आधी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना काढा. आणि केसांचं रोपण हे डॉक्टरांचं काम आहे. चार दिवसांचा कोर्स करून कोणी तुम्हाला सुई-चिमटा हातात घ्यायला सांगत असेल, तर त्याला हात जोडा.

यशाची उदाहरणं सांगताना आपण नेहमी बंगळुरूचे न्हावी रमेश बाबू यांच्या रोल्स रॉइसवर जातो. कौतुक आहेच, पण ती गाडी भाड्याच्या मोटारींच्या धंद्यातून आली. मला आपल्या गडहिंग्लज तालुक्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादव जवळच्या वाटतात. १९८४ मध्ये नवरा गेला, पदरात चार मुली. त्यांनी वस्तरा हातात घेतला, लोकांची बोलणी खाल्ली, गावोगाव फिरून माणसांची हजामत केली आणि जोडीला म्हशीही भादरल्या. कला तीच, गिऱ्हाईक वेगळं. आज भगिनी इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना हे नाव पाठ असायला हवं.

पैशाचं थोडक्यात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत आपला आहे. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपये, तारणाशिवाय आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत कर्ज, व्याज ५ टक्के. ते कर्ज दुसऱ्या एसीत आणि रंगीत दिव्यांत घालवू नका. घडीची खुर्ची, चांगलं बॅटरीचं मशीन, हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र आणि दुचाकी, एवढ्यावर फिरतं दुकान उभं राहतं.

दुपारच्या सत्रात दोन ठराव येतील. आपल्या एकाही दुकानात मान मोडली जाणार नाही, हा एक. सरकारी प्रशिक्षणात रुग्ण आणि वृद्धांची केशसेवा हा भाग घालावा, ही मागणी दुसरा. पहिल्याला विरोध होईल, याची कल्पना आहे. ज्याला विरोध करायचाय त्यानं उभं राहून करावा, पण जेवून लगेच एसटी गाठू नये. आणि उद्या मंगळवारी दुकान उघडाल तेव्हा दरफलकावर 'घरी येऊन सेवा' ही एक ओळ लिहा, आणि तिच्यापुढे दर लिहायला विसरू नका.