पापणी लवली की दिसतं

एक मुद्रितशोधक माझ्याकडे आले ते चष्म्यांच्या तीन डब्या घेऊनच. दीड वर्षात तीनदा चष्मा बदलून झाला होता. सकाळी प्रुफं लख्ख दिसतात, दुपारी तीननंतर मात्र अनुस्वार गायब होतात, म्हणाले. मी विचारलं, "आणि डोळे मिचकावले की?"

"मग दिसतात. क्षणभर."

निदान त्या 'क्षणभर'मध्येच होतं. चष्म्याचा नंबर काही पापणी लवल्यानं बदलत नसतो.

बुबुळावर अश्रूंचा एक थर कायम पसरलेला असतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातले जेमतेम तीनेक भाग, एवढीच त्याची जाडी. पण डोळ्यात शिरणारा प्रकाश पहिल्यांदा वळतो तो इथेच, आणि सगळ्यात जास्त वळतो तोही इथेच. नुकत्याच सारवलेल्या अंगणाला उन्हानं भेगा पडाव्यात, तसा हा थर सुकून जागोजागी तुटला की अक्षरं पसरतात, दिव्याभोवती किरणं फुटतात. पापणी लवते, थर पुन्हा सारवला जातो. निरोगी डोळ्यात तो दहा सेकंद तरी सहज टिकतो. यांच्या डोळ्यात चारच सेकंद टिकला.

गंमत म्हणजे टिपकागदाची पट्टी पापणीत पाच मिनिटं ठेवून पाहिली, तर ती छान भिजली. पाणी भरपूर होतं. कमी होतं ते तेल. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. माइबोम नावाच्या जर्मन वैद्यानं 1666 साली त्यांचं वर्णन केलं. दुधावर साय धरावी तसं हे तेल अश्रूंवर पसरतं आणि त्यांना उडू देत नाही. ते घट्ट होऊन तुंबलं की डोळा चुरचुरतो, आणि चुरचुरला की घळाघळा पाणी सोडतो. म्हणूनच "माझे डोळे तर गळतात, ते कोरडे कसे?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात.

त्यात वाचताना किंवा मोबाइल पाहताना आपण पापण्या निम्म्यानंसुद्धा लववत नाही. या गृहस्थांच्या तर डोक्यावरच पंखा.

त्यांना नवा नंबर दिला नाही. टेबल पंख्याखालून हलवायला सांगितलं. मिटलेल्या पापण्यांवर रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं, सोसवेल इतक्या कोमट फडक्याचा शेक. मग कडांना हलका मसाज. आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब. लाली घालवणारे थेंब मनानं आणून घालू नका, असंही बजावलं. अचानक दिसेनासं झालं, डोळा ठणकला, उजेड सोसेना, तर मात्र प्रकरण वेगळं; तेव्हा शेकत बसू नये.

दोन महिन्यांनी ते आले, तिन्हींतला मधला चष्मा लावून. माझ्या दारावरच्या पाटीत एक अनुस्वार राहिलाय, एवढं सांगून गेले. दुपारचे साडेचार वाजले होते.